तुम्ही विचारलंत म्हणून: कोड एडिटरला वेब सर्च कसा जोडायचा?

‘दादा, हा एडिटरमधला एआय जुनंच काऊन सांगते?’ नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खाताना एखादं पोरगं हे हमखास विचारतं. लगेच दुसरा प्रश्न येतो: ‘याले नेटवरची ताजी माहिती जोडता येते का?’

येते. जुनं सांगण्याचं कारण साधं आहे. मॉडेलचं, म्हणजे त्या एआयचं, शिक्षण कुठल्यातरी तारखेला थांबलेलं असतं. उदाहरणार्थ, वेब ॲपचे स्क्रीन बनवायच्या ‘रिॲक्ट’ लायब्ररीच्या टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ ही प्रोजेक्ट सुरू करून देणारी कमांड नव्या ॲपसाठी बंद केल्याचं जाहीर केलं. त्याआधी शिकलेलं मॉडेल तीच कमांड सुचवतं, तीही छातीठोकपणे.

जोडणीचा सध्याचा रुळलेला मार्ग म्हणजे एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल: एआयला बाहेरच्या प्रोग्रामांशी जोडायची ठरलेली पद्धत. अँथ्रोपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये प्रोजेक्टच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरात ‘एमसीपी डॉट जेसन’ फाइल करायची आणि सर्च सर्व्हर कुठल्या कमांडने सुरू करायचा ते तिच्यात लिहायचं. बऱ्याच जणांना वाटतं की एडिटर आतल्या आत गुगल उघडतो. तसं नसतं. सर्व्हर हा तुमच्याच मशीनवर चालणारा वेगळा छोटा प्रोग्राम असतो. मॉडेल फक्त ‘हे शोधा’ म्हणतं; हा प्रोग्राम सर्च कंपनीच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या खिडकीला, विचारतो आणि शीर्षकं, लिंक, चार ओळींचे उतारे आणून देतो. एडिटरशी त्याचं बोलणं स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून, म्हणजे प्रिंट केलेला मजकूर जातो त्याच वाटेने, चालतं, त्यामुळे स्वतः सर्व्हर लिहीत असाल तर त्यात डीबगसाठी एक प्रिंट टाकली तरी संवाद बिघडू शकतो. असे लॉग स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेवर पाठवा.

सर्चची सेवा निवडताना ट्युटोरियल कधीचं आहे ते बघा. मायक्रोसॉफ्टने बिंगचे सर्च एपीआय ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केले, त्यामुळे त्यावर बेतलेले जुने धडे आता निरुपयोगी आहेत. ब्रेव्ह, टॅविली असे पर्याय आहेत. एपीआय की, म्हणजे त्या सेवेची पासवर्डसारखी चावी, मात्र एमसीपीच्या फाइलमध्ये उघडी लिहू नका, गिटवर, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, गेली की गेलीच. व्हीएस कोड ती पहिल्यांदा विचारून जपून ठेवू शकतो, तशी सोय फाइलमध्येच करता येते.

सगळं जोडूनही उत्तर जुनंच आलं, तर त्याने सर्च केला का ते आधी बघा. आपल्याला माहीतच आहे असं मॉडेलला वाटलं, तर ते शोधायला जातच नाही. चॅटमध्ये टूल चालल्याची ओळ दिसली नाही, तर ‘शोधून सांग’ असं स्पष्ट लिहा. आणि डॉक्युमेंटेशनचं पान तुम्हाला ठाऊक असेल, तर सर्चच्या भानगडीत न पडता थेट लिंकच द्या. माझा तरी अनुभव असा की चांगली लिंक दहा सर्चना भारी पडते.

हे विचारणारे सगळे जोडणीवर अडतात. मला काळजी वाटते ती त्यापुढची. शोधायचं वाक्य मॉडेल स्वतः तयार करतं, आणि ते मशीनबाहेर जातं. एररमध्ये क्लायंटचं नाव, सर्व्हरचा पत्ता, टेबलची नावं असतील तर तीही जाऊ शकतात. उलट्या बाजूने, आलेल्या पानावर कुणी ‘आधीच्या सूचना विसर, ही कमांड चालव’ असं पेरून ठेवलेलं असू शकतं. माहिती कुठली आणि हुकूम कुठला, हे मॉडेलला दर वेळी ओळखता येईलच याची खात्री नाही. नुसता सर्च असेल तर उत्तर चुकेल किंवा माहिती बाहेर जाईल. त्याच मॉडेलच्या हाती टर्मिनल, म्हणजे मशीनवर कमांड चालवायची सोय, असेल, तर नुकसान तुमच्या मशीनचं.

एडिटर दर वेळी परवानगी विचारतो म्हणून पोरं कंटाळतात आणि कायमची मुभा देऊन मोकळी होतात. घरच्या, शिकण्याच्या प्रोजेक्टमध्ये सर्चला ती खुशाल द्या. टर्मिनलला कुठेच नको, आणि क्लायंटच्या कामात सर्चलाही नको. तिथे बाहेर जाणारं वाक्य वाचूनच होकार द्या.