आपलाच आवाज पुन्हा ऐकताना

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीला शिकवतो. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले तेव्हापासून मी तालुक्याच्या ठिकाणी घरीच दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ उतरवून घेत असे आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या टॅबवर मुलांना दाखवत असे, कारण गावात नेटवर्क टिकत नाही आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मुले तल्लीन होऊन पाहत. मात्र पाहून झाल्यावर त्यांच्यापाशी नेमके काय शिल्लक राहिले हे मला कळत नव्हते आणि त्यांनाही सांगता येत नव्हते.

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनात, २०१० पासून स्वयंमूल्यमापनाला जागा आहे. तरीही प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी तयार यादीतून उतरवण्याची सवय आमच्यात मुरलेली आहे, आणि मीही कित्येक वर्षे तेच केले. शिवाय दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या शिकण्याविषयी लिहायला सांगितले, की शुद्धलेखनाच्या धास्तीनेच त्याचे निम्मे म्हणणे आत राहते. म्हणून गेल्या वर्षी टॅबमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर वापरायचे मी ठरवले. पालकसभेत कल्पना दिली, रेकॉर्डिंग शाळेबाहेर जाणार नाही असे सांगितले आणि प्रत्येक मुलाच्या नावाचे फोल्डर केले.

पहिला महिना वाया गेला. "आज काय शिकलास?" या प्रश्नावर जो तो "मला सगळे समजले" एवढेच बोलून टॅब खाली ठेवी. चूक माझ्या प्रश्नात होती, कारण त्याला परीक्षेचा वास येत होता. मग मी "कुठे अडलास, तेवढेच सांग" असे म्हणू लागलो आणि मुलांना टॅब घेऊन एकेकट्याने व्हरांड्यात पाठवू लागलो.

अपूर्णांकांच्या पाठानंतर एका मुलीने रेकॉर्ड केले : "सर, तीन दोनापेक्षा मोठा हाय, मंग एक तृतीयांश अर्ध्यापेक्षा लहान कायले होते?" वहीत तिची उदाहरणे बरोबर होती, नियम पाठ होता, शंका मात्र जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी कागदाच्या दोन सारख्या भाकरी कापून एक दोघांत आणि दुसरी तिघांत वाटायला मी तिलाच सांगितले. दिवाळीनंतर तिला तिचे जुने रेकॉर्डिंग ऐकवले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग स्वतःहून टॅब मागून घेऊन बोलली : "वाटेकरी वाढले का वाटा लहान होते. तवा मी नुसता आकडा पाहत होती."

कापूस वेचणीच्या दिवसांत मुले आठ-आठ दिवस शाळेत येत नाहीत. परत आलेले मूल आधी आपले शेवटचे रेकॉर्डिंग ऐके आणि तिथूनच पुढे सुरुवात करी, हा उपयोग माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारा एक कोलाम मुलगा वर्गात जवळजवळ बोलतच नसे. "तुझ्या घरच्या भाषेत बोल" असे सांगितल्यावर तो सलग दोन मिनिटे बोलला. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा असल्यामुळे मला त्यातले अवाक्षरही कळले नाही. सातवीत शिकणाऱ्या त्याच्या बहिणीने अर्थ सांगितला, तेव्हा समजले की वाळत घातलेल्या मोहफुलांतले पाणी हवेत जाते आणि उन्हात ते लवकर जाते, हे त्याने नीट सांगितले होते. अडला होता तो फक्त "बाष्पीभवन" या शब्दाशी. त्याआधी मी त्याच्या नावापुढे "संकल्पना स्पष्ट नाही" असे लिहून ठेवले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

मुले स्वतःचे ऐकतात, तर मीही ऐकावे, म्हणून माझा एक तास रेकॉर्ड केला. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी मी दोन सेकंदही थांबत नव्हतो. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात. मला माहीत असलेली ही गोष्ट माझ्याच आवाजात ऐकल्यावर पटली. आता मी मनात पाच आकडे मोजतो. सुरुवातीला ती शांतता जड वाटत असे, पण चौथ्या आकड्याच्या सुमारास मागच्या रांगेतला एखादा हात वर येऊ लागला.

वर्षअखेरीस नोंदवही भरताना त्या मुलीच्या गणिताच्या रकान्यात मी यादीतले वाक्य लिहिले नाही. तिची दोन्ही वाक्ये तारखांसह जशी होती तशी उतरवली, आणि कोलाम मुलाच्या पानावरची जुनी नोंद खोडून तिथे मोहफुलांचे लिहिले.