मेरी सीकोलचा पुतळा पाहायला जाताना पूल पायीच ओलांडावा

एकोणिसाव्या शतकातील क्रिमियन युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या मेरी सीकोलचा पुतळा पाहण्यासाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्थानकातून सेंट थॉमस रुग्णालयाकडे जाणाऱ्यांनी सायकलरिक्षात मुळीच बसू नये. बिग बेनखाली आम्हाला गाठलेल्या रिक्षावाल्याने रुग्णालय फार लांब असल्याचे सांगितले आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव ऐकताच आम्हाला थेट वॉटर्लू प्लेसला नेऊन सोडले. तेथे त्यांचा १९१५ सालचा पुतळा आहे हे खरे, पण तो क्रिमियन युद्धाच्या स्मारकाचा भाग असून रुग्णालय राहते नदीच्या पलीकडे. उतरल्यावर मिनिटांच्या हिशेबाने आणि तेही माणशी वेगळे भाडे लावून आमच्याकडे ऐंशी पौंड मागण्यात आले. ही उघड लूट आहे. नाइलाजाने बसावेच लागले, तर एकूण रक्कम आधी वदवून घ्यावी. वास्तविक स्थानकातून बाहेर पडून वेस्टमिन्स्टर पूल ओलांडला की रुग्णालय समोरच आहे आणि सावकाश चालणाऱ्यालाही दहा मिनिटे पुरतात. पुलावर वाट्यांखाली चेंडू लपवण्याचा जुगार मांडलेला दिसल्यास क्षणभरही थांबू नये, कारण भोवती जिंकणारे लोक बहुधा जुगार मांडणाऱ्यांचेच साथीदार असतात.

पूल संपल्यावर नदीकाठच्या खालच्या वाटेने गेल्यास लाल हृदये रंगवलेली कोविड स्मृतिभिंत लागते. ती अवश्य पाहावी, मात्र मेरी सीकोलचा पुतळा भिंतीच्या आतल्या बाजूला, रुग्णालयाच्या बागेत आहे, म्हणून आधी आवारात शिरावे. तिकीट नाही.

मार्टिन जेनिंग्ज यांनी घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण ३० जून २०१६ रोजी झाले. खांद्याला पिशवी अडकवून, वाऱ्याला सामोरी जात सीकोल ठाम पावले टाकीत निघाली आहे. तिच्या मागे उभी असलेली कांस्याची प्रचंड तबकडी नुसती दुरून पाहून परतू नये. क्रिमियातील जमिनीचा ठसा घेऊन ती ओतलेली असल्यामुळे जवळ गेल्यावर तिच्यावर खडबडीत, भेगाळलेली भुई दिसते. जमैकात १८०५ साली जन्मलेल्या या स्त्रीला लंडनमध्ये परिचारिका म्हणून नाकारण्यात आले, तेव्हा ती स्वखर्चाने युद्धभूमीवर पोहोचली आणि तिने जखमींची शुश्रूषा केली. नाइटिंगेल यांनी १८६० साली ज्या रुग्णालयात, ते लंडन ब्रिजजवळच्या जुन्या जागेत असताना, परिचारिका विद्यालय सुरू केले, त्याच रुग्णालयात सीकोलचा पुतळा कशाला, असा आक्षेप घेतला गेला होता. मला तो पूर्णपणे अमान्य आहे, कारण नदीपलीकडच्या संसदेकडे तोंड करून उभ्या असलेल्या सीकोलला याहून योग्य जागा मिळाली नसती.

पुढे भुयारी रेल्वेच्या ज्युबिली मार्गिकेने लंडन ब्रिज गाठावे. गायज रुग्णालयाच्या आवारात, जुन्या लंडन ब्रिजच्या दगडी कोनाड्यात, १८१५ साली येथे वैद्यकशास्त्र शिकायला आलेल्या कवी कीट्सचा बसलेला कांस्यपुतळा आहे आणि त्याच्या शेजारी निवांत बसता येते. जवळच सेंट थॉमस रुग्णालयाच्या जुन्या जागेतील १८२२ सालची शस्त्रक्रियागृहाची माडी आहे, पण ५२ पायऱ्यांचा अरुंद चक्री जिना चढण्याइतके त्राण आमच्यात उरले नव्हते, म्हणून दोन्ही पाहायचे असल्यास ती माडी सकाळीच उरकून मग सीकोलकडे यावे.