तुम्ही विचारलंत म्हणून: मॉर्मनांचा छळ बायकांमुळे झाला का?

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत राहते म्हटलं की पुण्यामुंबईकडच्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे त्या मॉर्मन लोकांच्यात? चार-चार बायका करणारे ना ते?" मी थोडा इतिहास सांगायला लागले की लगेच दुसरा येतो. "एवढा छळ झाला म्हणता, तो त्या बायकांमुळेच झाला असणार." म्हणजे त्यांनी तो स्वतःच ओढवून घेतला, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे मला राग येतो, आणि म्हणूनच जरा सविस्तर सांगते.

आधी सनावळी बघा. जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात हा ख्रिस्ती परंपरेतला पंथ स्थापन केला १८३० मध्ये. बहुपत्नीत्व त्यांनी जाहीरपणे मान्य केलं १८५२ मध्ये, युटामध्ये येऊन स्थिरावल्यावर. आणि मिझुरी राज्याचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने 'मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांचा समूळ नाश करा नाहीतर राज्याबाहेर हाकला' असा लेखी हुकूम काढला २७ ऑक्टोबर १८३८ ला. एका अमेरिकन राज्याच्या गव्हर्नरने सहीनिशी काढलेला हुकूम होता तो, आणि मिझुरीने तो रीतसर रद्द केला १९७६ साली.

मग भांडण होतं कशाचं? मुख्यतः जमिनीचं आणि मतांचं. मिझुरीतलं इंडिपेन्डन्स गाव आणि त्याभोवतीचा प्रदेश ही आपली पवित्र भूमी, अशा श्रद्धेने हे लोक १८३१ पासून तिथे जथ्याजथ्याने आले आणि दोन वर्षांत बाराशेच्या घरात गेले. आपसात व्यवहार करायचे, एकगठ्ठा मतं टाकायचे, देवाने ही जमीन आम्हाला नेमून दिली आहे असं उघड बोलायचे. उद्या निवडणुका हेच जिंकणार, शेरीफ यांचाच होणार, हे आधीपासून तिथे असलेल्यांना दिसत होतं. त्यात मिझुरी गुलामगिरीचं राज्य आणि हे बहुतेक उत्तरेकडचे. यांच्या वर्तमानपत्रात मुक्त काळ्या लोकांबद्दल मजकूर आला आणि ठिणगी पडली.

२० जुलै १८३३ ला जमावाने यांचा छापखाना फोडला. वरच्या मजल्यावरचं यंत्र खाली फेकलं आणि छापून तयार असलेले धर्मग्रंथाचे कागद रस्त्यात भिरकावले. मेरी आणि कॅरोलाइन रोलिन्स या दोन बहिणी, एक पंधराची, दुसरी तेराची, हे सगळं बघत होत्या. दोघी धावल्या, हातात मावतील तेवढे कागद उचलले आणि मक्याच्या शेतात घुसल्या. मका डोक्याच्या वर वाढलेला होता. कागद जमिनीवर ठेवून त्यावर त्या पालथ्या पडून राहिल्या. माणसं आसपास शोधत फिरली, पण त्या सापडल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांच्या बिशपला, एडवर्ड पार्ट्रिजला, भर चौकात डांबर फासून वर पिसं चिकटवली गेली. नोव्हेंबरात सगळ्यांना त्या काउंटीतून नदीपार हाकललं.

१८३८ मधली गोष्ट मात्र एकतर्फी सांगता येत नाही. तोवर मॉर्मनांतही गुप्त टोळ्या तयार झाल्या होत्या आणि त्यांनी विरोधकांची घरं, दुकानं लुटली-जाळली होती. पण बॉग्जच्या हुकुमानंतर तिसऱ्या दिवशी हॉन्स मिल या छोट्या वस्तीवर जे झालं, त्याला हे कारण पुरत नाही. दोनशेहून जास्त हत्यारबंद घोडेस्वार चालून आले. बायका-मुलं झाडीकडे पळाली, पुरुष लोहारशाळेत, म्हणजे लोहाराच्या कामाच्या जागेत, शिरले. ती ओंडक्यांची होती आणि ओंडक्यांमध्ये फटी होत्या. बंदुकांच्या नळ्या त्याच फटींतून आत आल्या. दहा वर्षांचा सार्डियस स्मिथ भात्याखाली लपला होता. त्याला शोधून, बाहेर ओढून गोळी घातली. 'लिखांच्याच पुढे उवा होतात', असं मारणारा म्हणाल्याचं वाचलेल्यांनी नोंदवून ठेवलं आहे. सतरा जण गेले. पुरायलाही उसंत नव्हती, म्हणून मृतदेह अर्धवट खणलेल्या विहिरीत सोडले. शिक्षा कुणालाही झाली नाही.

तुमचा बायकांचा मुद्दा खरा होतो तो पुढे, मिझुरीतून हाकलल्यावर इलिनॉय राज्यात त्यांनी वसवलेल्या नॉव्हू गावात. तिथे स्मिथ आणि काही पुढारी गुपचूप जास्त लग्नं करत होते. पंथातल्याच नाराजांनी पेपर काढून ते फोडलं. स्मिथ तेव्हा नगराध्यक्ष होता, त्याने तो छापखाना मोडून टाकायला लावला. स्वतःचा छापखाना गमावलेल्या माणसांनी हे करावं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या प्रकरणात स्मिथ आणि त्याचा भाऊ कार्थेजच्या तुरुंगात असताना, २७ जून १८४४ ला, जमावाने दोघांना ठार केलं. पाच जणांवर खटला चालला, पाचही सुटले. १८४६ च्या फेब्रुवारीत थंडीतच मिसिसिपी नदी ओलांडत यांचा प्रवास सुरू झाला. पुढच्या वर्षी २४ जुलैला स्मिथनंतरचा त्यांचा पुढारी ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या या खोऱ्यात पोचला. तो दिवस युटामध्ये आजही सार्वजनिक सुट्टीचा असतो.

बहुपत्नीत्वाबद्दल माझं मत विचाराल तर ते संपलं हे चांगलंच झालं. पण संपवणाऱ्यांची भाषाही वाचा. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात, म्हणजे एका मॉर्मनाच्या बहुपत्नीत्वाच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा जवळपास आशियाई आणि आफ्रिकी लोकांपुरतीच असल्याचं म्हटलं, आणि श्रद्धेच्या नावावर सगळंच चालवून घेता येत नाही हे पटवायला दाखला दिला तो सतीचा. गोऱ्या मॉर्मनांना कमी लेखायला आपणच कामी आलो. पुढे अमेरिकन सरकारच्या १८८७ च्या बहुपत्नीत्वविरोधी कायद्याने तर युटातल्या सगळ्याच बायकांचा मताधिकार काढून घेतला, जो त्यांना १८७० पासून होता. बायकांना सोडवायला निघालेल्यांनी हे केलं!

आणि याच मॉर्मनांनी ११ सप्टेंबर १८५७ ला युटातल्या माउंटन मेडोजमध्ये आर्कान्सॉ राज्याहून आलेल्या सुमारे १२० प्रवाशांना, सुखरूप सोडतो असं वचन देऊन बाहेर काढलं आणि मारलं. सतरा लहान मुलं तेवढी ठेवली. काळ्या पुरुषांना यांनी १९७८ पर्यंत पौरोहित्य दिलं नाही. छळ सोसलेली माणसं इतरांशी बरी वागतातच असं नाही. पण त्यामुळे भात्याखालचा मुलगा दोषी ठरत नाही.

माझा अनुभवही सरळ नाही. इथे नवीन असताना माझ्या मुलीला आसपासच्या काही घरांतून खेळायला बोलावणं येत नसे, कारण आम्ही त्यांच्या वॉर्डातले नव्हतो. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी. पुढे माझी आई इथे आली असताना आजारी पडली, तेव्हा त्याच वॉर्डातल्या बायकांनी आळीपाळीने जेवण पोचवलं, अंडं चालतं का हे आधी विचारून.

हे सगळं जुन्या काळातच संपलं म्हणावं, तर २८ सप्टेंबर २०२५ ला मिशिगनमध्ये रविवारची प्रार्थना चालू असताना एकाने त्यांच्या चर्चवर ट्रक घातला, गोळ्या झाडल्या, इमारत पेटवली. चार जण मेले. हल्लेखोराचा या लोकांवरचा राग त्याच्या ओळखीच्यांना आधीपासून माहीत होता. त्यानंतर युटातल्या एका मॉर्मनाने त्या हल्लेखोराच्याच बायको-मुलांसाठी ऑनलाइन मदत मागितली आणि काही दिवसांत तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. देणाऱ्यांत बरेच जण त्याच पंथातले होते.

तेव्हा माझ्याकडे आलात तर शेजारच्यांना बायका किती, हे गमतीतही विचारू नका. तुमचे पूर्वज मिझुरीतून आले का, नॉव्हूतून आले का, एवढं विचारा. चहा-कॉफी घेत नाहीत ती मंडळी, लिंबू सरबत चालतं. ते मी करून ठेवीन.