पंखा बंद ठेवून तपासलेलं मेण

दसऱ्याला आठ दिवस होते आणि माझ्याकडे चाळीस मेणबत्त्यांची ऑर्डर होती. एका सोसायटीला दिवाळीच्या हॅम्परमध्ये मोगऱ्याच्या वासाचे ग्लास हवे होते, तेही वसुबारसेच्या आत. एका ग्लासात दीडशे ग्रॅम मेण, म्हणजे एकूण 6 किलो, आणि मेणाच्या 8 टक्के सुगंधी तेल, म्हणजे 480 ग्रॅम. तेल, वाती, ग्लास सगळं भांडुपच्या घरात येऊन पडलं होतं. मी सोया मेण, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेलं मेण वापरते. त्यासाठी नेहमीच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, तुमचं ते सोया संपलं. आता दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर मी त्या मेणाचं काय करू, लोणचं?

दुसऱ्या दिवशी ट्रेनने मस्जिदला उतरले आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेले. क्रॉफर्ड मार्केटच्या मागची ही गल्ली दिवाळीच्या तोंडावर कशी असते, ते मुंबईकरांना सांगायला नको. एका दुकानात पॅराफिनची, म्हणजे पेट्रोलियमपासूनच्या मेणाची पांढरीशुभ्र लादी दाखवली, 58-60 ची. हे आकडे म्हणजे मेण कोणत्या तापमानाला वितळतं ते. माझं सोया साधारण 46 ते 49 ला वितळायचं. तेवढं मला माहीत होतं, पण भाव ऐकून मोह झाला आणि वर दुकानदाराचं पालुपद, "मॅडम, मेण म्हणजे मेण. घट्ट व्हायला थोडं स्टिअरिक ॲसिड टाका." दोन किलोची लादी घेतली, पण सावधपणे दुसऱ्या दुकानातून वेगळ्या कंपनीचं ग्लाससाठीचं सोयाही घेतलं. शिवाय किलोभर नारळाचं मेण आणि किलोभर मऊ पॅराफिन, 52 च्या आसपास वितळणारं.

लादीची फजिती दुसऱ्याच सकाळी कळली. रात्री ओतलेलं मेण वातीभोवती खड्डा पडून आत बसलं होतं आणि काचेपासून सुटून ग्लासात खुळखुळत होतं. स्टिअरिक घातलेला ग्लास तर आणखीच सुटला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माउंट मेरीच्या जत्रेत नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात ना, तसल्या साच्यातल्या वस्तूंना आकसणारं मेणच लागतं. थंड झालं की साच्यातून अलगद सुटतं. मला नेमकं उलट हवं होतं, मेणाने काच धरून ठेवायला हवी. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याने मला साच्याचा सल्ला दिला होता एवढंच.

नारळाच्या मेणाबद्दल माझ्या मनात फार प्रेम होतं. आपल्या घरातलं खोबरेल मुंबईत जानेवारीतल्या एखाद्या पहाटेच गोठतं, त्यामुळे मेणबत्तीचं 'नारळाचं मेण' म्हणजे नुसतं खोबरेल असूच शकत नाही. ते प्रक्रिया करून घट्ट केलेलं असतं आणि बऱ्याचदा त्यात दुसरी मेणंही असतात. दिसायला सायीसारखं गुळगुळीत, वासही छान धरतं. पण माझा ग्लास दुपारी गॅलरीत ठेवला आणि ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात त्याला घाम फुटला. तेलाचे थेंब वर. हॅम्पर टेम्पोतून जाणार होते. नारळ बाद.

उरलं दुसरं सोया. ते माझ्या जुन्या मेणाच्या जवळचं होतं, पण वर फुलं उमटली, म्हणजे बर्फासारखी पांढरी नक्षी. सोयाचे स्फटिक तसे बनतात. जळण्यात काही फरक पडत नाही, पण भेटवस्तू म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडणारच. म्हणून पाच भाग सोयात एक भाग मऊ पॅराफिन घातलं. नक्षी बरीच कमी झाली, काचही धरली, आणि मी खूश होऊन वात पेटवली.

इथून पुढे घरच्यांचे हाल. चाचणीला वाऱ्याची झुळूकही नको, म्हणून पंखा बंद. माझ्या ग्लासाचा व्यास 7 सेंटीमीटर, म्हणजे साधारण पावणेतीन इंच. इंचाला एक तास धरून तीन तासांत वितळलेलं मेण काचेपर्यंत पोचायला हवं. सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "अगं, मेणबत्ती जळतेय की आम्ही?" तीन तास कसले, दोन तासांच्या आतच तळं काठाला लागलं. ज्योत उंच, नाचरी, आणि काचेच्या वरच्या कडेला काजळी. वात पाच मिलिमीटरवर कापलेली होती, तरीही. गडबड मेणात नव्हती, वातीत होती. सोया दाट, त्याला जाड वात लागते. पॅराफिन पातळ होऊन भराभर वर चढतं. मी मेण बदललं होतं आणि वात जुनीच ठेवली होती. एका नंबरने बारीक वात लावली, पुन्हा तीन तास पंखा बंद. ज्योत शांत, तळं वेळेवर काठाला. सासूबाईंनी स्वतः उठून पंखा लावला, अगदी पाचवर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे चाळीस ग्लास ओतले. पातेल्यात पातेलं ठेवून मेण 85 अंशांपर्यंत नेलं, तेल घालून दोन मिनिटं हळूहळू ढवळलं, 60 च्या खाली आल्यावर ओतलं. सोयाचा वास मुरायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे ग्लास झाकून कपाटावर ठेवले आणि पोरांना दम भरला. लोणच्यासारखंच असतं ते, मध्येच उघडून हुंगायचं नाही. (मी दोनदा हुंगलं.)

धनत्रयोदशीला सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला, आणखी सहा मिळतील का म्हणून. नव्हते. 58-60 च्या उरलेल्या लादीच्या मी साच्यातल्या छोट्या मेणबत्त्या केल्या. स्टिअरिक घालून. साच्यातून टपाटप सुटल्या.

काल जुन्या दुकानदाराचा फोन. तुमचं सोया आलंय, फक्त कंपनीने त्यात काहीतरी थोडं बदललंय म्हणे. दोन किलो घेऊन आलेय. सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आज किती तास?"