घरात भांडण नाही, मग नातं शिळं का वाटतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "मॅडम, आमच्यात भांडण नाही, घराचे हप्ते वेळेवर जातात, पोरगं बरं शिकतंय. मग एकमेकांशी बोलायला काही उरलंच नाही असं का वाटतं?"

प्रेम आटलं म्हणून नव्हे, भर पडायची थांबली म्हणून. आर्थर आणि इलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1986 मध्ये मांडलं, की माणसाला आपला आवाका वाढवायची ओढ असते आणि जवळच्या माणसामुळे तो झपाट्याने वाढतो. लग्नानंतर देशावरचा मुलगा काटे काढत बांगडा खायला शिकतो, मालवणी बोलायचा प्रयत्न करतो. तिला त्याच्यामुळे क्रिकेट कळायला लागतं. एकाचं दुसऱ्यात मुरतं. पण घेण्यासारखं सगळं घेऊन झालं, की उरते लोकलची वेळ, दूध आणि शाळेची फी.

यावर उपाय म्हणून लोक मरीन ड्राइव्हला जातात, नाहीतर नेहमीच्या हॉटेलात. छान वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही. 1993 च्या एका प्रयोगात काही जोडप्यांनी 10 आठवडे, आठवड्याला 90 मिनिटं नवं, उत्साहाचं काहीतरी केलं. काहींनी नुसतं सुखाचं. समाधान वाढलं ते पहिल्यांचं.

तेव्हा काम निवडताना बघायचं ते एवढंच, की ते दोघांनाही येत नसावं, थोडी फजिती होण्यासारखं असावं आणि दीड तासात उरकावं. पहाटे दादरच्या फूलबाजारातून झेंडू आणा, आंब्याची पानं घ्या आणि दाराचं तोरण ओवायला बसा. एकाने दोरा ताणून धरायचा, दुसऱ्याने ओवायचं. सुई देठाजवळून नीट गेली नाही तर फूल फाटतं, पानाची घडी सुटते, आणि हसू येतं. पुढच्या आठवड्यात मोडी लिपीत एकमेकांची नावं लिहा. रविवारी कान्हेरीची लेणी. (सोमवारी बंद असते, उगाच बोरिवलीपर्यंत जाऊ नका.)

फसतं ते बहुधा एकाला आधीच येत असतं म्हणून. मग त्याची शिकवणी सुरू होते आणि दुसऱ्याचा चेहरा पडतो. काम फारच अवघड निवडलं तर मजेऐवजी भीती वाटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गडावर नेऊन कोणाचं नातं सुधारलेलं नाही. आणि पाचव्या आठवड्यातही तोरणच ओवत असाल, तर तेही शिळं झालंच.

दुसरी गोष्ट फुकट आहे. ती घरी येऊन सांगते, "मला टीम लीडर केलं." तो म्हणतो, "म्हणजे आता आणखी उशिरा येणार?" किंवा मोबाइलमधून मान वर न करता "छान." किंवा "दूध आणलंस का?" किंवा, "अरे वा! कोणी सांगितलं? नेमकं काय म्हणाले? तुला काय वाटलं?" मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या 2004 च्या अभ्यासात चांगल्या नात्याशी ठळकपणे जुळलं ते हे चौथं उत्तर. नुसतं "छान" म्हणणाऱ्याला आपण पाठिंबा देतोय असंच वाटत असतं, हीच पंचाईत. निदान तीन प्रश्न विचारा, आणि चहाला आधण ठेवण्याआधी.

तिसरी जरा नाजूक. स्टीफन ड्रिगोटास, कॅरिल रसबल्ट आणि सहकारी मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये दाखवलं, की जोडीदार आपल्याला शिल्पकारासारखं घडवतो, आपल्याला जे व्हायचंय त्याच्या जवळ नेतो. मूर्ती दगडात आधीच आहे असं मानणाऱ्या मायकेलअँजेलोचं नाव त्यांनी त्याला दिलं. माझ्या मते घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. तिला पेटी शिकायची असते, तो एमबीएचे फॉर्म आणून देतो आणि वर म्हणतो, "मी किती सपोर्ट करतो!" छिन्नी त्याची, मूर्तीही त्याच्याच मनातली.

म्हणून आधी विचारा: "दोन वर्षांनी तू काय करत असावंस असं तुला वाटतं?" (जिथे मारहाण किंवा धाक आहे, तिथे यातलं काहीच लागू नाही, तिथे आधी सुरक्षितता आणि बाहेरची मदत.) पहिल्यांदा उत्तर येईल, "काही नाही, चाललंय तसंच." आठवडाभराने पुन्हा विचारा, स्टेशनवरून घरी चालत येताना. जेवणाच्या ताटावर, सासूबाई शेजारी बसल्या असताना नको.