शरणपूरचा आठवडा: नाशिकला सेवेसाठी जाणाऱ्यांना

नाशिकला सेवेच्या आठवड्यासाठी जायचं असेल तर आधी महिना ठरवा, मग तिथल्या मंडळीशी, म्हणजे चर्चच्या सभासदांशी, बोला आणि कार्यक्रम सगळ्यात शेवटी आखा. चर्चचे बरेच तरुण संघ उलट्या क्रमाने जातात. बॅनर छापून होतो, गाणी बसवून होतात आणि मग विचारणा सुरू होते की मुलं कुठे भेटतील. ज्या मुलांपर्यंत पोचायचं ती मळ्यावरच्या मजुरांची, आणि त्यांचं राहणं द्राक्षाच्या हंगामावर ठरतं. ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं गिरणारे, दिंडोरी, निफाड पट्ट्यात मजुरीला उतरतात. विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग काढणी, असं काम लागत जातं. पाऊस तोंडावर आला की सगळे नागली-वरईच्या शेतीसाठी आपापल्या पाड्यावर परततात. कॉलेजला सुट्टी आहे म्हणून मे महिन्यात गेलात तर मळ्यावर फारसं कुणी भेटणार नाही. आम्ही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो आणि तोच काळ मी सुचवेन.

मी नगरची. आमच्या मंडळीत सेविका म्हणून प्रशिक्षण घेते आहे आणि या आठवड्यात तरुण संघातली मुलं-मुली माझ्यासोबत होती. नगरहून संगमनेर-सिन्नरमार्गे एसटीने साधारण चार तास लागतात. मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की नाशिकरोड स्टेशन आणि मंडळीचं चर्च असलेलं शरणपूर यांत नऊ-दहा किलोमीटरचं अंतर आहे. स्टेशनबाहेरून सीबीएसकडे (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकाकडे) सिटीलिंकची शहर बस मिळते आणि सामान कमी असेल तर तीच सोयीची. फेब्रुवारीत, विशेषतः दुसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास, नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात यात्रा असते. मुंबई-वसईकडून इतकी माणसं येतात की त्या दिवसांत राहण्याची सोय मागू नका. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत, म्हणून कुठेही जाताना हाताशी अर्धा तास जास्त ठेवा. सिंहस्थाच्या मुख्य स्नानांच्या महिन्यांत तर सेवेचा आठवडा ठेवूच नये. त्या वेळी शहरावर आधीच खूप ताण असतो.

राहण्याची व्यवस्था मंडळीतल्या घरांमध्ये झाली तर उत्तम. आमच्यातल्या मुली पाळकसाहेबांच्या घरी काकूंकडे होत्या, मुलं चर्चच्या हॉलमध्ये झोपली. नाशिकची थंडी अंगात शिरते. निफाडला तर काही वेळा राज्यातलं नीचांकी तापमान नोंदलं जातं. हॉलच्या फरशीवर सतरंजी पुरत नाही, खाली घालायला जाड घोंगडी आणि कानटोपी आणाच.

पोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना शरणपूरचा इतिहास सांगा. ही गोष्ट मी आग्रहाने लिहिते आहे. आज शरणपूर रोड म्हटलं की बँका, दवाखाने, दुकानं आणि वाहनांची रांग दिसते. सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात शिरलं की गडबड थोडी मागे पडते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडत असे आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं इथे आणली जात. त्यांना अक्षरओळख आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई, म्हणजे पोट भरण्याची विद्या आणि वाचण्याची विद्या एकाच आवारात मिळे. १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा नाशिकची नऊ मुलं त्यांच्याबरोबर होती, आणखी काही जण १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला गेले. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन वारले. साथीदारांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि त्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. मग देह वाळवून, गुंडाळून, ही माणसं महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकबही होता. पुढे प्राइस आजच्या केनियातल्या मोंबासाला गेले, तिथे सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वस्ती उभी राहिली आणि तिच्या उभारणीत शरणपूरला शिकलेली माणसं होती.

परदेशातून मिशनरी नाशिकला आले, हे आपण प्रत्येक वर्धापनदिनाला सांगतो. नाशिकला शिकलेली माणसं परदेशी सेवेला गेली, हे मात्र आपल्या संडे स्कूलच्या मुलांना कुणी सांगत नाही. आमच्यातल्या बारावीच्या मुलांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं आणि रात्री उशिरापर्यंत प्रश्न विचारत बसली.

दिवसाची आखणी साधी ठेवा. सकाळी सात वाजता प्रार्थना, मग नाश्ता, मग दुपारपर्यंत मंडळी सांगेल ते काम. आम्ही चर्चचं आवार झाडलं, दफनभूमीतलं वाळलेलं गवत काढलं, हॉलच्या खिडक्यांना रंग दिला. घरभेटी दहा ते बाराच्या दरम्यान कराव्यात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती वेळ सोयीची पडते आणि त्यांना गाण्यांपेक्षा कुणीतरी समोर बसून ऐकणारं हवं असतं. एका बाबांनी आम्हाला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं पाठ म्हणून दाखवली, चालीसकट. दुपारी विश्रांती हवीच, नाहीतर संध्याकाळी मळ्यावर पोचेपर्यंत मुलांचा उत्साह संपलेला असतो.

खरं काम संध्याकाळचं. गिरणारेच्या बाजूला एका बागेत मजुरांच्या खोल्या होत्या आणि स्थानिक मंडळीतले एक दादा तिथे बरीच वर्षं येऊन-जाऊन आहेत. बागवाल्या काकांची परवानगी त्यांनीच घेतली होती. हा दुवा नसेल तर मळ्यावर जाऊ नका. अनोळखी तरुण मुलं मजुरांच्या मुलांना गोळा करून बसवताहेत, हे कुणालाही संशयास्पद वाटेल आणि तसं वाटणं योग्यच आहे.

वर्ग सहानंतरच भरतो. बाया कामावरून येतात, चुली पेटतात, मोठ्या मुलींच्या कडेवरचं धाकटं भावंड आईकडे जातं आणि मग त्या मुली मोकळ्या होतात. आम्ही रंगीत तक्ते घेऊन गेलो होतो, पण खोलीबाहेरच्या एकाच दिव्यात ते दिसत नव्हते. तिथे प्लास्टिकचे रिकामे क्रेट रचून ठेवलेले होते. सात-आठ वर्षांची एक मुलगी क्रेटच्या थप्पीकडे बोट करून म्हणाली, ‘पाच, पाच आणि दोन.’ शाळेत ती फार दिवस गेली नव्हती, पण थप्पीत किती क्रेट बसतात ते तिला माहीत होतं. मग गणित सगळं क्रेटवरच झालं. पाचच्या चार थप्प्या, एका थप्पीतले दोन काढले तर किती राहिले, प्रत्येक ओळीत तीन ठेवले तर किती ओळी. आधी मुलं स्वतः क्रेट हलवायची, मग जमिनीवर काडीने आकडे काढायची. पाचाचा पाढा त्या मुलीने थप्प्यांना हात लावत, एकही चूक न करता म्हटला. तक्ते आम्ही परत नेले नाहीत. ते खोलीत गारवा येऊ नये म्हणून दाराला लावले गेले आणि त्या कामी चांगले आले.

अक्षरांसाठीही जवळचंच साहित्य वापरा: औषधाच्या रिकाम्या खोक्यांचे फोटो (खोकी हाताळू देऊ नका, त्यांत विषारी फवारणीचा अंश असतो), बसच्या पाट्या, गावांची नावं. मुलांना आपल्या पाड्याचं नाव लिहिता आलं की ती पानभर तेच लिहीत राहतात.

एका संध्याकाळी एक मावशी वर्ग संपायची वाट बघत उभ्या होत्या. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चाळीस पानी वही काढली. त्यात हंगामाआधी घेतलेली उचल, मधे आजारपणाला घेतलेले पैसे आणि भरलेले दिवस, असं सगळं मुकादमाच्या हातचं लिहिलेलं होतं. ‘ताई, हे काय लिहिलंय ते नुसतं वाचून दाखव.’ मी ओळीओळीने वाचलं. त्या प्रत्येक आकड्यानंतर थांबायच्या, बोटं मोजायच्या, मान हलवायच्या. मग मी विचारलं, आकडे शिकणार का? त्या हसल्या नाहीत की लाजल्या नाहीत, सरळ खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी बाया आल्या. आम्ही मुलांचा वर्ग दोघांवर सोपवला आणि बायांचा वेगळा बसवला: शून्य ते नऊ, मग शंभरापर्यंत, मग हजारातली रक्कम कशी लिहितात ते. निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि रक्कम स्वतः वाचली. बरोबर होती.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म याच जिल्ह्यातला, त्र्यंबककडच्या जलालपूरचा, १८६८ चा. त्याही लग्नानंतरच लिहाय-वाचायला शिकल्या. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की त्यांना किती दिवस लागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. वही वाचून दाखवा, वाचायला शिकवा, पण हिशेबाच्या वादात आठवडाभराच्या पाहुण्याने पडू नये. आपण परत जातो आणि राग निघतो तो त्या कुटुंबावर. हिशेबात गडबड वाटली तर स्थानिक पाळकसाहेबांना आणि तिथे कायम असणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगा. एखादं मूल जोखमीच्या कामाला लावलेलं किंवा संकटात दिसलं तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

शाळेचं काम आठवड्याच्या सुरुवातीलाच करा. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना भेटा, पत्र द्या, मळ्यावरच्या मुलांची नावं आणि वयं सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून शाळा मुलाला नाकारू शकत नाही, वर्षाच्या मधेही नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. गावच्या शाळेने ते दिलं असेल तर पालकांकडे असायला हवं, नसेल तर गावच्या गुरुजींना फोन करून विचारता येतं. आम्ही भेटलो ते सर मनाने मोठे निघाले. त्यांनी मळ्यावरच्या सगळ्यांना २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला बोलावलं. मुलं आंघोळ करून, केसांना तेल लावून रांगेत उभी राहिली. त्यांतल्या काहींची नावं त्याच आठवड्यात पटावर आली. आमच्या सगळ्या गाण्यांपेक्षा हे काम मोठं झालं, असं मला मनापासून वाटतं.

शाळेत धर्माचं काहीही शिकवायचं नाही. सरकारी खर्चावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८ व्या कलमातच आहे. पाढे, हात धुणं, चित्रं, खेळ, एवढंच न्यायचं. मळ्यावरही आम्ही खाऊ आणि पत्रक कधी एकत्र दिलं नाही. भुकेल्या मुलाच्या हातात बिस्किटाबरोबर सुवार्ता ठेवणं मला प्रभूच्या शिकवणीला धरून वाटत नाही. कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर लपवायचं नाही: आम्ही ख्रिस्ती, चर्चमधून आलोय. एका आजीने स्वतःहून आजारी नातवासाठी प्रार्थना करायला सांगितली, तेव्हा केली आणि सकाळी दादांबरोबर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाठवलं.

परदेशातले मित्र सोबत येणार असतील तर त्यांचा व्हिसा आधी बघा. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराचं काम करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. ‘फक्त गाणी म्हणायला’ म्हणून त्यांना पुढे उभं करू नका, अडचण शेवटी स्थानिक मंडळीची होते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात: पाणी उकळलेलं न्या, मळ्यावरचं पाणी बहुतेकदा बागेच्या टाकीतलं असतं. कुणी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी पुढे केली तर बसून खा, पण पूर्ण गटाने एका घरी जेवायला बसू नका, त्या घराचा दोन दिवसांचा शिधा संपतो. मिसळ शहरात कुठेही चांगली मिळते. टॉर्च, पाट्या, खडू आणि एकरेघी वह्या भरपूर न्या. कपडे वाटायचे असतील तर ते मळ्यावर वाटू नका, मंडळीच्या महिला मंडळाकडे द्या. कुणाला कशाची गरज आहे ते त्यांना माहीत असतं.

शेवटच्या दिवशी मुलांची यादी दोन प्रतींत करा: नाव, पाड्याचं नाव, कोणत्या इयत्तेत होतं, कुठवर शिकलं. एक प्रत शाळेच्या सरांना, एक स्थानिक दादांना. पुढच्या गटाला तीच यादी मिळाली तर पाचाच्या पाढ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. परतीची गाडी सोमवारी सकाळची ठेवा. रविवारी उपासना झाली की मंडळी जेवायला थांबवतातच, आणि संध्याकाळी मळ्यावरचा वर्ग चुकत नाही.