काळी दोन ते पांढरी दोन

ब्रिस्टलला एम.एस्सी.साठी आले आणि पहिल्याच महिन्यात नोटीस बोर्डावर एका छोट्या क्वायरचा, म्हणजे समूहगायन मंडळाचा, कागद दिसला. वय तिशीच्या आत, अठरा जण, वाद्य नाही. मिरजेत बाईंकडे दहा वर्षं गाणं शिकले होते, त्यामुळे आपल्याला गाता येतं अशा समजुतीत मी नाव दिलं.

ऑडिशनला भूपातली छोटी बंदिश म्हटली. कंडक्टर जेमतेम पंचविशीचा, स्वतःच अजून शिकणारा. त्याने शांतपणे ऐकलं, मग पियानोवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या. ‘यातला मधला सूर गा.’ गायले. पुन्हा तीन, तोही बरोबर आला. मग त्याने नोटेशनचा कागद पुढे ठेवला आणि माझं पितळ उघडं पडलं. पाच रेघांवरचे ठिपके बघून सूर वर जातोय की खाली, एवढंच मी सांगू शकले. तो म्हणाला, ‘घेतो तुला, दुसऱ्या आल्टोत. पण नाताळपर्यंत वाचायला शीक.’

आल्टो म्हणजे काय ते पहिल्या तालमीला कळलं. चाल सोप्रानोकडे, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाकडे, जमीन बेसकडे, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजाकडे, आणि आम्ही मधल्या मजल्यावरचे भाडेकरू. दोन-दोन ओळी एकच सूर धरून बसायचं. त्यात मी सवयीने एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत, म्हणजे घसरत जायची. शेजारची मुलगी पेन्सिलीने माझ्या कागदावर दोन ठिपके काढून दाखवायची: इथून इथे, मधे काही नाही.

कार्यक्रम पार्टसाँग्जचा होता. पार्टसाँग म्हणजे चार-पाच किंवा जास्त आवाजांसाठी लिहिलेलं, बहुधा साथीशिवाय म्हणायचं गाणं. देवाधर्माचं नव्हे, तर प्रेम, ऋतू, संध्याकाळ, मरण असल्या कवितांवरचं. १९व्या शतकात इंग्लंडभर गायनमंडळांचं पेव फुटलं होतं, आणि नोव्हेलो कंपनी त्यांच्यासाठी स्वस्त छोट्या प्रती छापायची. १८४४ पासून निघणाऱ्या ‘म्युझिकल टाइम्स’ मासिकाच्या अंकासोबत तर असं एखादं गाणंच मिळायचं. यातले बहुतेक संगीतकार आता विस्मरणात गेलेत, आणि आमच्या कंडक्टरला नेमके तेच हवे होते. एडवर्ड एल्गार हा नामांकित इंग्रज संगीतकार नको, तो सगळेच गातात, हे त्याचं पालुपद. मला मात्र त्याने बाजूला घेऊन विचारलं, ‘तुझ्यासाठी होल्स्टची ऋग्वेदाची सूक्तं घ्यायची का?’ होल्स्ट हा इंग्रज संगीतकार त्यासाठी संस्कृत शिकला होता, हे खरं. मी म्हटलं, नको रे बाबा, ऋग्वेद गायला मी इतक्या लांब आलेले नाही.

शेवटी ठरले ते असे. चार्ल्स वुड, आर्माचा आयरिश माणूस, केंब्रिजला संगीतकार व्हॉन विल्यम्सचा शिक्षक. शिष्याचं नाव झालं, गुरूचं चर्चपुरतं राहिलं. मोरन, १९३० च्या आसपासची वसंताची गाणी, ज्यांतले सूर ऐनवेळी निसटतात. सॅम्युअल कोलरिज-टेलर, वडील सिएरा लिओनचे डॉक्टर, स्वतः वाढला क्रॉयडनला. हायावाथा या अमेरिकन आदिवासी वीरावरची त्याची रचना देशभर गाजली, पण तिचे हक्क त्याने आधीच १५ गिनींना, म्हणजे साधारण सोळा पौंडांना, विकून टाकले होते. १९१२ मध्ये, ३७व्या वर्षी न्युमोनियाने गेला. त्याचं आम्ही घेतलेलं गाणं क्रिस्टिना रोझेटीच्या कवितेवरचं, गुलाबांसकट उन्हाळा संपला, आता शरदही मिटत चालला, असं. ऑक्टोबरच्या शेवटी चार वाजता दिवे लावून ते म्हणताना अर्थ विचारावा लागला नाही.

वाचायला मी शिकले ते भलत्याच वाटेने. कंडक्टरच्या पेटीत पिवळी पडलेली एक जुनी प्रत होती. तिच्यात पाच रेघांच्या वर बारीक अक्षरांची आणखी एक ओळ होती, डी, आर, एम, एफ, एस. मला क्षणभर विश्वासच बसेना. ही तर सरगम! नॉरिचच्या सेरा ग्लोव्हरने ही पद्धत काढली आणि जॉन कर्वेन नावाच्या पाद्र्याने ती गावोगाव पोचवली. पाच रेघा न येणाऱ्या गिरणी कामगारांनी आणि शाळकरी पोरांनी यावरून मोठमोठी गाणी बसवली. आणि त्यांचा ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच, धराल तिथे. ‘सो’ आणि ‘सी’ एकाच अक्षराचे होतात म्हणून ‘सी’चा ‘टी’ केला, एवढी काटकसर. त्या रात्री मी सगळ्या प्रतींवर पेन्सिलीने सा रे ग म लिहून काढलं.

दोन दिवस मी फार खुशीत होते. मग लक्षात आलं की यांचा ‘सा’ गाण्याच्या मधेच घर बदलतो. आठ ओळी एका पट्टीत, मग हळूच दुसऱ्या. आमच्याकडे तंबोरा एकदा लावला की तासभर तो हलत नाही. इथे तंबोराच चालायला लागतो. कर्वेनवाल्यांनी त्यावरही तोड काढली होती: वळणावरच्या सुराला दोन नावं द्यायची, जुन्या घरातलं आणि नव्या घरातलं. बाई मूर्च्छना, म्हणजे त्याच सुरांत ‘सा’ दुसरीकडे धरणं, शिकवताना हेच तर करायच्या. मीही प्रत्येक वळणाला दोन अक्षरं लिहिली, आणि नाताळपर्यंत खरंच वाचायला लागले.

एक गोष्ट मात्र मला न शिकवता येत होती. पियानोवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो, साधारण अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याने. पियानोवर कान झालेली मुलं तसाच गातात, आणि साथ काढली की तो घासतो. कंडक्टर ओरडायचा, ‘तिसरा सूर खाली!’ खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐकत मी वाढले, माझा तिथेच लागायचा. एकदा त्याने सगळ्या आल्टोंना थांबवून मला एकटीला गायला लावलं आणि म्हणाला, ‘इथे.’ बाकी पाच महिन्यांत कौतुक म्हणाल तर तेवढंच.

आणि मग पिअरसॉल. रॉबर्ट लुकस पिअरसॉल, जन्म १७९५, आम्ही तालीम करायचो त्याच क्लिफ्टन भागातला. वकिली सोडून जर्मनीत गेला, शेवटी स्वित्झर्लंडमध्ये एका किल्ल्यात राहिला आणि १८५६ मध्ये तिथेच वारला. १८४० मध्ये त्याने आठ आवाजांसाठी ‘ले अ गार्लंड’ लिहिलं. शब्द १७व्या शतकातल्या एका नाटकातले. नाटकात फसवली गेलेली मुलगी स्वतःच्याच तिरडीसाठी हार मागते. पिअरसॉलने ‘माझ्या’चं ‘तिच्या’ केलं, म्हणजे गाणारे आपण मागे राहिलेले. हार यू झाडाचा, इथल्या स्मशानात लावतात तो. आमच्या हॉलबाहेर एक होता, काळपट हिरवा, त्याखाली आम्ही सायकली लावायचो.

हे गाणं वरवर काहीच अवघड नाही. लय संथ, सूर सोपे. पण त्यात सारखं एकच चालतं. मी एक सूर धरलेला असतो, सगळ्यांशी जुळलेला, सुखाचा. तेवढ्यात खालचा बेस हलतो. मी जागची हललेली नसते, पण माझा सूर आता त्याचा मध्यम झालेला असतो, आणि अगदी कानाशी दुसरं कोणी पंचम लावतं. म आणि प, एकाच वेळी, एकमेकांना घासत. तो घर्षणाचा क्षण पूर्ण धरून मग गंधारावर उतरायचं, की सगळं मोकळं होतं. लगेच दुसऱ्या आवाजाची पाळी. आठ आवाजांत हे आलटूनपालटून होत राहतं.

मला ते सोसवेना. बेसूर म्हणजे पाप, या संस्कारात दहा वर्षं काढलेली. घासायला लागलं की मी अर्धी मात्रा आधीच गंधारावर पळायची. कंडक्टर हात खाली टाकायचा. ‘तू आधी सोडलंस तर त्यांचा सूर कशावर घासणार?’ पुन्हा. पुन्हा पळाले. शेवटी त्याने मला आणि शेजारणीला बाहेर पॅसेजमध्ये उभं केलं, एक मध्यमावर, एक पंचमावर, आणि हात वर करेपर्यंत सोडायचं नाही. हात वर व्हायला किती वेळ लागला कोण जाणे. आधी दात आंबल्यासारखं झालं. मग हळूहळू त्या दोन सुरांमध्ये एक थरथर ऐकू यायला लागली, दोन तारा जुळता जुळता येते तशी. तंबोरा लावताना ती संपवायची असते. इथे तीच हवी होती.

श्वासाचीही वाटणी ठरली. दोघींनी एकदम घ्यायचा नाही; मी शब्दाच्या मधे, ती ओळीच्या शेवटी. माझ्या प्रतीवर अजून तिच्या अक्षरात ‘तू’ आणि ‘मी’ लिहिलेलं आहे. हे दोन मराठी शब्द तिने आवर्जून लिहायला शिकून घेतले.

मार्चमध्ये कार्यक्रम झाला. चर्चमधलं हीटर बंद, कोट घालून बसलेले साठेक लोक, निम्मे आमचेच मित्र. मोरनच्या एका गाण्यात टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष, आपल्या जागेच्या आधीच घुसले. वुड चांगला गेला. पिअरसॉलला मी कुठेही पळाले नाही. संपल्यावर कंडक्टरने ट्यूनिंग फोर्क, सूर तपासायचा चिमटा, गुडघ्यावर आपटून कानाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि कोणाला काही न सांगता खिशात टाकला.

रेकॉर्डिंग मी बाईंना पाठवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन.

‘ऐकलं गं. काळी दोनला सुरू केलंत आणि पांढरी दोनला टेकलात की सगळे.’

‘हो बाई, अर्धा सूर उतरलो.’

‘अठरा जण एकमेकांना धरून उतरलात, हे पण एक आहेच.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘ते मधे मधे दोन सूर घासतायत, ते चुकून का मुद्दाम?’

‘मुद्दाम, बाई. त्यातला एक माझा.’

‘मग तिसऱ्यांदा येतो तिथे जरा लवकर सोडलायस.’